जपून ठेवलंय!

वस्तू जपून ठेवण्याची मला फार वाईट खोड आहे. घरातली एखादी वस्तू नुसतीच हरवली असेल तर ती कधी ना कधी सापडते. पण मी जपून ठेवली असेल तर तिची आशा सोडावी. आमचं रेशनकार्ड मी एकदा इतकं जपून ठेवलं की शेवटी नवीन काढावं लागलं. जुनं सापडलं ते नवीन जपून ठेवायला जागा शोधताना. त्यामुळे 'जपून ठेवलंय' हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले की आमची ही हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघते.

परवा ते शब्द फोनवर बाहेर पडले. फोन मिरजेहून अक्काचा होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. गेल्या वर्षापासून तिची नजर पार अधू झाली आहे. टीव्ही नुसता ऐकते, पेपर सुनेकडून वाचून घेते, आणि उरलेल्या वेळात आम्हां भावंडांना फोन करून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या वस्तूंची झडती घेते. पितळी अडकित्ता कुणाकडे गेला, आजोबांची काठी कुणी मोडली, वगैरे. त्या दिवशी म्हणाली,

"बाळ, आईची ती कॅसेट रे? चकल्यांची?"

"आहे ना! पेन ड्राइव्हवर घेतलीय. लॉकरमध्ये जपून ठेवलीय."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज बंद पडला.

"मग मी रविवारी येते," अक्का म्हणाली. "दिसायचं संपलं. ऐकू येतंय तोवर एकदा ऐकून घेते."

ही कॅसेट कसली ते सांगायला हवं. १९८४ च्या दिवाळीत अक्का माहेरपणाला आली होती आणि भावोजींनी मस्कतहून आणलेला टू-इन-वन बरोबर होता. पहिले दोन दिवस घरातल्या प्रत्येकाने त्यात आपला आवाज भरला, ऐकला आणि 'हा माझा नव्हेच' असं जाहीर केलं. आई मात्र त्याच्या आसपास फिरकेना. तेव्हा मी तो स्वयंपाकघरातल्या फडताळावर डब्यांच्या मागे दडवला, आणि ती चकल्या तळायला बसल्यावर ती दोन बटणं एकदम दाबून पळालो. तासाच्या कॅसेटची एक बाजू, म्हणजे अर्धा तास, आई बोलते आहे. भाजणीचं प्रमाण, मध्येच तिच्या माहेरी कृष्णेला आलेल्या पुराची गोष्ट, मध्येच माझ्या आळसाबद्दल चार शब्द, पुन्हा पूर. आई १९९१ साली गेली. तिचे फोटो चार आहेत. चारही फोटोंत ती फोटोग्राफरने दम दिल्यासारखी तोंड मिटून बसली आहे. बोलणारी आई काय ती तेवढ्या अर्ध्या तासात.

२०११ साली कॅसेटला बुरशी धरायला लागली, म्हणून एका दुकानात देऊन ती मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. चार जीबीचा पेन ड्राइव्ह. तेव्हा तो एवढा मोठा वाटला की 'यात आमच्या सगळ्या घराण्याच्या आया मावतील' असं मी दुकानदाराला म्हणाल्याचं आठवतं. आणि मग एक गोष्ट केली, ती लिहितानाही कान गरम होतात. मूळ कॅसेट टाकून दिली. मी छत्तीस वर्षं आमच्या गावच्या वाचनालयात काढली आहेत. नक्कल झाली म्हणून मूळ पोथी रद्दीत घालणाऱ्या माणसाला मी वाचनालयाच्या पायरीवरसुद्धा उभं केलं नसतं. पण तो नियम पोथ्यांचा, आपल्या घरच्या बुरसटलेल्या कॅसेटला तो लागू आहे हे सुचलंच नाही. कॉम्प्युटरवरही एक प्रत होती, पण तो कॉम्प्युटर बदलून नवीन आणला त्यात ती गेली. २०१४ साली मुलीचे लग्नातले दागिने ठेवायला बँकेत गेलो, तेव्हा पेन ड्राइव्हही कापसात गुंडाळून, सुपारीच्या डबीत घालून, हिच्या पाटल्यांशेजारी ठेवून आलो.

गुरुवारी जाऊन डबी घेऊन आलो. पाटल्या जागेवर होत्या, त्यामुळे हिचाही माझ्यावरचा विश्वास तासाभरापुरता वाढला.

आता पेन ड्राइव्ह लावायचा. हे काम एका झटक्यात जमलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आधी एका बाजूने लावावा, जात नाही; उलटा करावा, तरी जात नाही; पुन्हा पहिल्यासारखा करावा, मग जातो. म्हणजे मुळात बरोबरच होता, पण आपल्या मनात संशय भरवल्याशिवाय आत जायचं नाही अशी त्याची रीत. हे यूएसबीचं प्रकरण १९९६ साली जगात आलं, आणि ते घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट प्रमुख होते. ते बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. दोन्हीकडून बसेल असं करायचं तर तारा आणि सर्किट वाढून खर्च वाढला असता, असं त्यांनी पुढे सांगितलं. बडोद्याला शिकलेला माणूस हिशेबाचा पक्का असणारच. पुण्यात शिकले असते तर बूच एकाच बाजूने गेलं असतं, आणि तेही दुपारी एक ते चार सोडून.

पेन ड्राइव्ह आत गेला आणि काही झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही, पडद्यावर चौकट नाही. कडी लावलेल्या दारावर टकटक करत उभं राहावं तसा मी बसून राहिलो.

"बंद करून परत चालू करा," ही म्हणाली. ही तिची सर्व यंत्रांवरची मात्रा. मिक्सर, गीझर, दाराची बेल, सगळ्यांना तीच. मला काही समजेनासं झालं की मलाही ती 'जरा पडा आणि उठा' असंच सांगते. केलं बंद, केलं चालू. काही नाही.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे इंजिनिअर आले. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. आमच्या घरी काहीही बिघडलं की त्यांना वास येतो. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याकडे नजर टाकली आणि म्हणाले, "समोरच्या भोकात लावलात? चुकलात. पुढचं दार पाहुण्यांचं. घरच्या माणसाने मागच्या दाराने जावं."

त्यांचं म्हणणं असं की डब्याच्या समोरच्या बाजूची भोकं आतून एका तारेने मुख्य पाटीला जोडलेली असतात. ती तार ढिली झाली, निसटली, की भोक नुसतं शोभेचं. मागची भोकं थेट मुख्य पाटीवरच डाग देऊन बसवलेली. पेन ड्राइव्हला हवेत पाच व्होल्ट. ते मागे नीट मिळतात. हे त्यांनी मला पुढे दोन वेळा आणि हिला एकदा समजावलं. पण मागे जाणार कोण, यावर मात्र ते गुडघ्याकडे बोट दाखवून सोफ्यावर बसले.

आमच्या कॉम्प्युटरचं टेबल भिंतीला टेकलेलं आहे आणि भिंत हलत नाही. तोंडात टॉर्च धरून मी टेबलाखालून रांगत मागे गेलो. गावाकडून हे टेबल पुण्यात आणल्यापासून तिथे माणूस गेलेला नसावा. धूळ इतकी जुनी की तिला धूळ म्हणणं बरं वाटेना. तिथे मला एक चष्मा, विजेचं एक बिल, नातवाच्या लहानपणची निळी मोटार आणि टेबलाच्या पाठच्या फळीत अडकून बसलेलं एक पुस्तक सापडलं. पुस्तकावर आमच्या वाचनालयाचा शिक्का. २००९ साली निवृत्त होताना मी स्वतःच्या अक्षरात त्याच्यापुढे 'गहाळ' असा शेरा मारून ते खाती बंद करून आलो होतो, आणि एका सभासदावर माझा संशय होता. ते सद्‌गृहस्थ आता हयात नाहीत. टॉर्च तोंडात असल्यामुळे मी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली.

"लावलात का?" सोफ्यावरून आवाज आला.

लावला. आणि कॉम्प्युटर 'टिडिंग' करून वाजला! मी डोकं आपटून बाहेर आलो. पडद्यावर अक्षरं होती. यंत्राला जोडलेली वस्तू नीट चालत नाही, विंडोज तिला ओळखत नाही, असा त्यांचा मतलब. म्हणजे आधी दार उघडत नव्हतं. आता उघडलं आणि 'आपण कोण?' म्हणून विचारलं. याला प्रगती म्हणावी असं इंजिनिअरांचं मत पडलं.

मग त्यांनी खोडरबर मागितलं. पेन ड्राइव्हच्या तोंडात सोनेरी चार पट्ट्या असतात. त्यातल्या बाहेरच्या दोन विजेच्या, मधल्या दोन निरोपाच्या. वर्षानुवर्षांचा मळ बसला की वीज पोहोचते, निरोप पोहोचत नाही. आमच्या दोन नंबरच्या काकांचं असंच होतं. त्या पट्ट्यांवरून त्यांनी रबराची कड हलक्या हाताने फिरवली, भुगा झटकला आणि मला पुन्हा टेबलाखाली पाठवलं. मी हसणार होतो; पण पेन ड्राइव्हचा दिवा लागला, आणि पडद्यावर एक नवी चौकट आली. तिचा मराठीत अर्थ असा: ई ड्राइव्हमधली डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

खाली दोन बटणं. 'हो'चं बटण आधीच निळी कड लावून, नवऱ्या मुलीसारखं सजून पुढे आलेलं. 'नको'चं बाजूला, विधवा आत्यासारखं. एवढ्या अदबीने विचारल्यावर नाही म्हणणं मला जड जातं. शिवाय 'वापरण्यापूर्वी' हा शब्द किती बिनधोक! भांडं वापरण्यापूर्वी धुऊन घ्यावं, तसंच असेल. माझं बोट एंटरच्या बटणावर गेलं.

"थांबा," ही म्हणाली. "फॉरमॅट म्हणजे काय?"

"म्हणजे... साफसूफ."

"काय काय साफ होतं त्यात?"

मी इंजिनिअरांकडे पाहिलं. इंजिनिअर रबराकडे पाहत होते. ही पुढे झाली, तिने माझा हात धरून बटणावरून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. लग्नात अंतरपाट दूर झाल्यापासून इतक्या ठामपणे तिने माझा हात कधी धरल्याचं आठवत नाही. रोग्याला तपासण्यापूर्वी त्याला जिवे मारावं लागेल, मारू का, असं ते यंत्र विचारत होतं आणि मी मान डोलवणार होतो.

शुक्रवारचा दिवस सल्ल्यांत गेला. वरच्या मजल्यावरचे बँकवाले आले. त्यांनी काळी खिडकी उघडून 'चेकडिस्क' नावाचा हुकूम सोडला. त्यावर उत्तर आलं की या डिस्कची व्यवस्था 'रॉ' आहे आणि रॉ डिस्कला चेकडिस्क लागू नाही. रॉ म्हणजे कच्चा. आमच्या चार जीबीचा कच्चा माल झाला होता. दुपारी मी तो खिशात घालून बाजारातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या मुलाने तो चिमटीत धरून दिव्याकडे केला.

"चार जीबी? काका, हा आता कोण वापरतं? चौसष्टचा घेऊन जा. ह्यातलं गेलं समजा."

"ह्यात माझी आई आहे," मी म्हणालो.

त्याने पेन ड्राइव्ह हळूच काउंटरवर ठेवला. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मग मी ह्याला हात लावत नाही. कुणालाच काही करू देऊ नका. नुसता ठेवा, आणि ज्याला कळतं त्याच्याकडे न्या." पैसे घेतले नाहीत. त्या चार दिवसांत मला मिळालेला हा सगळ्यात शहाणा सल्ला, आणि मी मात्र दुकानातून बाहेर पडताना त्याच्यावर रागावलेला होतो.

शनिवारी नातू हॉस्टेलवरून आला. आजीने बोलावलं होतं. मी बोलावलं की तो परीक्षा सांगतो. मी त्याला सगळा इतिहास सांगितला. कॅसेट, लॉकर, डबी, कापूस. त्याने कपाळाला हात लावला.

"अकरा वर्षं नुसता ठेवलात? एकदाही लावला नाहीत?"

"जपून ठेवला होता."

"आजोबा, ह्याच्यात अक्षरं कोरलेली नसतात. इतक्या बारीक बारीक कप्प्यांत वीज कोंडलेली असते. कुठल्या कप्प्यात किती, त्यावरून सगळं वाचायचं. खूप वर्षं तसाच पडला की ती हळूहळू झिरपते."

म्हणजे लॉकरमध्ये सोनं होतं तसं राहिलं आणि शेजारी आई थेंबाथेंबाने झिरपत होती. ही काही बोलली नाही. तिने चहा टाकला, त्यात आलं जास्त होतं.

"आणि शेवटी काढलात कसा? इजेक्ट करून की ओढून?"

मी जन्मात कधी इजेक्ट केलेलं नाही. काम झालं की पेन ड्राइव्ह ओढायचा, वाटाण्याची शेंग तोडावी तसा. त्यात त्या वेळी घाईत होतो, बँक दोनला बंद होणार होती. नातू म्हणाला की कॉम्प्युटर काही वेळा 'लिहिलं' म्हणून सांगतो, पण खरं लिहायचं बाकी असतं. आपण त्याच वेळी ओढून काढला की वाक्य अर्धं राहतं. २०१८ नंतरच्या विंडोजमध्ये हे मुळातच सुधारलंय म्हणे, पण माझा गुन्हा २०१४ चा.

मग त्याने दुखणं मला माझ्या भाषेत समजावलं, आणि मला वाटतं सबंध प्रकरणात मला पहिल्यांदा काही कळलं ते तिथे. पेन ड्राइव्हमध्ये सुरुवातीच्या जागेत एक दाखल नोंदवही असते. कुठली फाईल कुठल्या कप्प्यांत आहे त्याची. तिच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. ('वा!' मी म्हणालो. आमच्याकडेही दोनच होत्या.) आमच्या पेन ड्राइव्हची त्या भागालाच वाळवी लागली होती, दोन्ही प्रती शेजारी शेजारी, म्हणून दोन्ही गेल्या. कपाटांत पुस्तकं आहेत की नाहीत हे यंत्राला ठाऊकच नाही. नोंद नाही म्हणजे पुस्तक नाही, असं ते म्हणतं. फॉरमॅट केलं असतं तर त्याने कोरी नोंदवही घातली असती आणि 'वाचनालय रिकामं आहे' असं लिहून मोकळं झालं असतं. मग त्या रिकाम्या समजलेल्या कपाटांत नवीन पुस्तकं भरली की जुनी खरोखरच गेली.

मी टेबलामागे सापडलेलं ते पुस्तक आणून त्याच्यासमोर ठेवलं. शिक्का दाखवला, माझा 'गहाळ' शेरा सांगितला. तो म्हणाला, "एक्झॅक्टली!"

त्याने पेन ड्राइव्हवर काहीच केलं नाही. आधी सगळ्या पेन ड्राइव्हची, काय आहे न बघता, कप्प्याला कप्पा अशी नक्कल कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. मूळ बाजूला, काम नकलेवर. मी मान खाली घातली. चार जीबीची ती नक्कल संध्याकाळी सहाला सुरू झाली आणि मध्येच अडायची. अडली की आम्ही सगळे गप्प. पुढे सरकली की ही 'गजानना' म्हणायची. रात्री साडेदहाला ती संपली. मग त्याने 'फोटोरेक' नावाचा एक फुकटचा कार्यक्रम त्या नकलेवर सोडला. एका फ्रेंच माणसाने तो लिहिला आहे, आणि नाव फोटोचं असलं तरी तो गाणी, कागदपत्रं, सगळंच शोधतो. नोंदवहीकडे तो ढुंकून बघत नाही. सरळ कपाटं चाचपत जातो. पुस्तकाचं पहिलं पान कसं दिसतं हे त्याला ठाऊक असतं, ते हाताला लागलं की 'हे घ्या एक' म्हणून बाहेर काढतो. फक्त नाव सांगू शकत नाही. नावं वहीत होती.

सकाळी पाहतो तर तीनशेच्या वर फायली. एफ०००८१९२, एफ००१७४४०, अशी तुरुंगातल्या कैद्यांसारखी नावं. त्यातली आई कोणती?

इंजिनिअर बातमी कळताच आले. बँकवाले आले. पहिल्याच फायलीत मुलीच्या लग्नातला बॅन्ड निघाला. दुसरीत नातवाने शाळेत असताना भरलेली गाणी. तिसरी फाईल कागदाची होती. नातवाने ती उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला: "माननीय चिटणीस, गृहनिर्माण संस्था यांस. विषय: तळमजल्यावरील रहिवासी पहाटे पाचपासून खर्ज लावतात, त्याबाबत तक्रार."

२०१२ सालचं पत्र. मी ते लिहिलं होतं, आणि राग ओसरल्यावर, न पाठवता, पुसून टाकलं होतं. पुसलेलंही परत आलं. पुसणं म्हणजे, नातवाने सर्वांना समजावून सांगितलं, वहीतली नोंद खोडणं. कागद कपाटात तसाच, त्यावर दुसरं काही येऊन पडेपर्यंत. त्याला ते समजावून सांगण्याची इतकी काही गरज नव्हती. इंजिनिअरांनी पत्र मागून घेतलं. दीड पान होतं, चष्मा लावून ते सगळं वाचलं.

"शुद्धलेखन छान आहे," ते म्हणाले. थोडं थांबून, "खर्ज नव्हता तो. मध्य सप्तकातला षड्ज होता."

"पाठवलं नव्हतं मी," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे," ते म्हणाले. आणि सोफ्यावरून उठले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

अकराच्या सुमारास अक्का आली. सुनेच्या हाताला धरून जिना चढली, पाय धुतले, चहा नको म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर खुर्चीत येऊन बसली. तिला पडदा दिसत नव्हता. कुठे बघायचं म्हणून तिने आपली मान स्पीकरकडे केली. मी तिला खरं ते सांगितलं. कॅसेट टाकल्याचंही. मला वाटलं बोलेल. ती एवढंच म्हणाली, "लाव. एकेक लाव."

एकेक लावत गेलो. भजनं, पुन्हा बॅन्ड, एका निरोप समारंभातलं माझंच भाषण (ते कुणी पूर्ण ऐकू दिलं नाही), मग कितीतरी फायली अर्धवट, दोन सेकंद वाजून थांबणाऱ्या. जेवायची वेळ टळली. दीडशेच्या आसपास एक फाईल लावली आणि नुसता 'सूं' असा आवाज यायला लागला. कॅसेटची खरखर, की पेन ड्राइव्हचा सडका भाग, कोण जाणे. पाच सेकंद, दहा सेकंद. नातवाने पुढची लावायला हात उचलला.

"थांब," अक्का म्हणाली. "स्टोव्ह आहे तो."

आम्ही सगळे त्या खरखरीकडे बघायला लागलो.

"पंपाचा स्टोव्ह. आता ती पिन करील."

खरखर एकदम बारीक झाली, कुणीतरी कट्‌ कट्‌ पंप मारला, खरखर मोठी झाली, आणि आई म्हणाली, "अगं, मोहन कडकडीत नको का? नाहीतर चकली बसते दगडासारखी."

आईचा आवाज मला आठवत होता त्याहून बारीक होता. मला वाटायचं तो ठणठणीत असेल. ती तेव्हा आज मी आहे त्याहून लहान होती हेही माझ्या लक्षात नव्हतं. अक्काने डोळे मिटले होते आणि आईने विचारलेल्या प्रश्नांना ती हळूच उत्तरं देत होती. 'हो', 'नाही गं', 'दोन वाट्या'. मध्ये मध्ये आवाज तुटत होता, एखादा शब्द गिळला जात होता. नातू म्हणाला की तेवढे कप्पे गेले. फाईल बिघडली तरी अशा फायलीचा एकेक तुकडा सुटा वाजतो, म्हणून निदान हे मिळालं. नवव्या मिनिटाला आईला डब्यामागे काहीतरी दिसलं असावं. "बाळ्या, ते काय लावून ठेवलंयस? बंद कर आधी. सेल जळतायत उगीच!" इंजिनिअर मोठ्याने हसले आणि लगेच त्यांनी चष्मा पुसायला काढला.

नंतर मी कुठेतरी वाचलं, की आमच्या या मेमरीला 'फ्लॅश' हे नाव पडलं ते तिच्या पुसण्याच्या सपाट्यावरून. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसं सगळं एका झटक्यात पुसता येतं म्हणून. जपानात तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी ती जगापुढे मांडली ते साल १९८४. आमच्याकडे चकल्या तळल्या तेच साल. असो.

पूर सुरू झाला. माहेरच्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली गेल्या, देवळात पाणी शिरलं, आईच्या वडिलांनी गाई सोडून दिल्या. माळ्यावर पोरं बसवली. रात्री दारात होडी आली, आणि आईची आई म्हणाली, मी काही तुळस इथे ठेवून...

तिथे थांबलं. बावीस मिनिटं झाली होती. नातवाने पुढे सरकवून बघितलं, पुढच्या चार फायली लावून बघितल्या, पण पुढची आठ मिनिटं कुठे नव्हती. मी अक्काकडे बघायचं टाळलं.

"वृंदावनासकट न्यायची म्हणाली," अक्का म्हणाली. "नावाडी कबूल होईना. म्हणाला, बाई, माणसं बसवू का दगड? मग आजीने मातीसकट रोप उपटून ओच्यात घेतलं आणि वर माझ्या मामाला घेतलं. मामा ओच्यातली माती खात खात पलीकडे पोचला." आणि मग होडी कुठे लागली, कुणाच्या वाड्यात चुली मांडल्या, परत आल्यावर घरात केवढा मासा सापडला, ती सगळी हकिगत तिने सांगितली. माझ्या आठवणीत मासा नव्हता. आईने तो सांगितलेला, की अक्काने घातला, ते आता कुणाला विचारणार? पण 'दगड' हा शब्द ती अगदी आईसारखा म्हणाली, आणि हीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली.

सांगून झाल्यावर अक्का खुर्चीत मागे टेकली. तेव्हा नातवाने टेबलावरचा आपला मोबाईल उचलला आणि आजीला काहीतरी खूण केली.

"काय रे?" अक्काला खूण दिसली नव्हती, पण शांतता ऐकू आली असावी.

"काही नाही, मावशीआजी. रेकॉर्ड करत होतो. पुराचं."

"हे चालू होतं होय?" ती ताठ बसली. "मग आधी सांगायचंस की मेल्या! होडीचं मी पुढे-मागे केलं. पुसून टाक ते. परत सांगते."

"पुसायचं नाही!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. त्यात बँकवालेही होते.

"बरं, ते राहू दे. हे दुसरं घे," अक्का म्हणाली. पदर सारखा केला, हाताने केस बसवले, घसा खाकरला, आणि मोबाईल कुठल्या बाजूला आहे ते विचारून घेऊन पूर पहिल्या पायरीपासून सुरू केला.